वाचताना डोक्यात आवाज येणारा माणूस

तुम्ही हे वाचताय ना, तर आत्ता तुमच्या मेंदूच्या मागच्या भागात रक्त जास्त वाहतंय. तुम्हाला ते कळत नाही. पण बोस्टनमधल्या एका तरुण रुग्णाला ते चक्क ऐकू यायचं! वैद्यकीय नोंदींत त्याचं नाव फक्त ‘वॉल्टर के.’ असं आहे. त्याच्या मेंदूच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांची वेडीवाकडी गाठ होती. तो वाचायला लागला की तिथला ‘घुं घुं’ आवाज वाढायचा, डोळे मिटून बसला की कमी व्हायचा. जॉन फुल्टन यांनी १९२८ मध्ये हे प्रसिद्ध केलं.

गंमत म्हणजे याचं स्पष्टीकरण ३८ वर्षं आधीच छापून आलं होतं. १८९० मध्ये केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी प्राण्यांच्या कवटीला छिद्र पाडून मेंदू किती फुगतो ते मोजलं. रक्तात आम्ल सोडलं की तो फुगायचा. त्यावरून त्यांनी मांडलं, की पेशी काम करताना जी द्रव्यं तयार होतात, तीच आसपासच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. म्हणजे जिथे काम, तिथे रक्त.

मग हे विसरलं का गेलं? १८९६ मध्ये लेनर्ड हिल यांनी ठासून सांगितलं, की मेंदूला स्वतःचं असं नियंत्रण नाही, शरीराचा रक्तदाब वाढला की तिथलं रक्त वाढतं, बस्स. हिल यांचं वजन मोठं होतं, त्यामुळे पुढची बरीच वर्षं हेच चाललं. १९४८ मध्ये केटी आणि श्मिट यांनी माणसांना ५ ते ७ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली, तेव्हा मेंदूतला रक्तप्रवाह सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला. रसायनांचा हात आता नाकारणं अवघड होतं.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. १९८६ मध्ये फॉक्स आणि राइक्ली यांना दिसलं, की उद्दीपन दिलेल्या भागात रक्त २९ टक्के वाढतं, ऑक्सिजनचा वापर मात्र फक्त ५ टक्के! म्हणजे ‘ऑक्सिजन कमी पडला म्हणून रक्त आलं’ एवढा सरळ हिशोब नाही. आज आपल्याला नायट्रिक ऑक्साइड, पोटॅशियम, अडेनोसिन असे अनेक निरोप्ये माहीत आहेत. यातले काही तर टंचाई व्हायच्या आधीच निघतात.

याच जादा ऑक्सिजनवर १९९० पासून विकसित झालेलं फंक्शनल एमआरआय चालतं. ती रंगीत चित्रं मी रोज बघते आणि स्वतःला बजावते: हा ठिपका म्हणजे विचार नाही, विचारामागून आलेलं रक्त आहे. एखाद्या आजारी मेंदूत पेशी काम करत असतील, पण रक्तवाहिन्या साथ देत नसतील, तर ठिपका दिसणारच नाही. ‘इथे काही घडत नाहीये’ असं म्हणायच्या आधी मला म्हणूनच रॉय आणि शेरिंग्टन आठवतात.