लोहाराच्या भट्टीतून पवनचक्की

मंडळी, तुमच्या गावचा लोहार उद्या म्हणाला, "फाळ-खुरपी पुष्कळ झाली, आता वाऱ्यावर वीज करणारी चक्की घडवतो," तर तुम्ही हसाल. पण डेन्मार्कमधल्या लेम गावात हे खरोखर घडले. वेळ मात्र लागला ८० वर्षांचा.

तिथे १८९८ साली हान्सेन नावाच्या तरुण लोहाराने भट्टी पेटवली. १९२८ साली लोखंडी खिडक्यांचा कारखाना निघाला. १९४५ साली मुलाने, पेडर हान्सेनने, वेस्टास कंपनी काढली. ती आधी स्वयंपाकघरातली यंत्रे करी, पुढे शेतकऱ्यांचे दूध थंड ठेवायची साधने, मग मालमोटारीवर बसवायच्या याऱ्या. खपेल ते करायचे, हा घराचा खाक्या.

१९७३ साली तेलाचा भाव भडकला. डेन्मार्कची सारी भिस्त बाहेरच्या तेलावर. घाव वर्मी बसला. वाऱ्यावरची वीज तिथे नवी नव्हती. अस्कॉवच्या शाळेतले शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ सालीच तिचे प्रयोग मांडले होते. वेस्टासने प्रथम ताकाच्या रवीसारखे उभे फिरणारे यंत्र करून पाहिले. ते काही जमले नाही. मग एका लोहाराने आणि एका तरुणाने मिळून घडवलेली तीन पात्यांची चक्की त्यांनी हक्क घेऊन बनवायला घेतली, आणि १९७९ साली पहिली विकली.

मोठे गिऱ्हाईक मिळाले ते कॅलिफोर्नियात. तिथे चक्क्या उभारणाऱ्याला करात भरघोस सूट होती. मग मागणी काय विचारता! पण १९८५ च्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्र सरकारची सूट संपली. समुद्रातून निघालेली खेप उशिरा पोचली, गिऱ्हाइकाने हात वर केले, आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये वेस्टासला आपली देणी थांबवावी लागली. वारा होता तसाच होता. बदलले होते ते परक्या देशातल्या कायद्याचे एक कलम.

आता ठेवायचे काय आणि विकायचे काय? मी असतो तर खात्रीच्या याऱ्या ठेवल्या असत्या! त्यांनी उलट केले. बाकीचे धंदे विकले आणि १९८७ साली फक्त चक्क्यांची नवी कंपनी उभी केली. गिऱ्हाइके मात्र अनेक देशांत शोधली, भारतातही. शिवाय उभ्या केलेल्या चक्कीची वर्षानुवर्षे देखभाल करायचे करार ती घेऊ लागली. नव्या चक्क्यांचा खप एखाद्या वर्षी पडला, तरी जुन्यांच्या डागडुजीचे पैसे येत राहतात. विळा विकणारा लोहार दर सुगीला त्याची धारही लावून देतो ना, तसलेच हे.