'फारकत' आणि 'घटस्फोट' : दोन शब्दांचा अर्थेतिहास

कल्याणच्या न्यायालयात विवाहविच्छेदासाठी जो अर्ज दाखल होतो त्यास 'घटस्फोटाचा अर्ज' म्हणतात. पंचांसमक्ष मुद्रांक कागदावर जो लेख होतो त्यास 'फारकत' किंवा 'काडीमोड'. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जुनी गावठाणे आणि नव्या वसाहती एकमेकींस लागून असल्याने हे शब्द एकाच वस्तीत ऐकू येतात, आणि ते समानार्थी आहेत असे सर्वजण धरून चालतात. इतिहास मात्र निराळे सांगतो.

'फारकत' म्हणजे वेगळे होणे, हा आजचा अर्थ मूळचा नव्हे. अरबी 'फारिग' म्हणजे मोकळा झालेला, आणि 'खत' म्हणजे लेख. या दोहोंच्या जोडीतून 'फारखत', 'फारखती' ही रूपे दफ्तरी मराठीत आली. कर्ज फिटले की सावकार ऋणकोस फारखती लिहून देई. वाटणी झाली की भाऊ भावास देई. माझे तुझ्याकडे काही येणे उरले नाही, इतकेच तो कागद सांगे. पुढे 'ख'चा 'क' झाला. मराठीस हे नवे नाही. 'हत्थ'चा 'हात' आणि 'सिक्ख'पासून 'शिक' याच प्रवृत्तीने झाले. त्यातच 'फरक' हा दुसराच अरबी शब्द कानाला जवळचा असल्याने भेदाची छटा या शब्दावर चढली असावी, असे मला वाटते.

नवऱ्याने बायकोस दिलेल्या लेखास हाच शब्द लागला, तो त्याच हिशेबी अर्थाने. १८२७ मध्ये आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढींचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात सोडचिठ्ठीची नोंद आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरातही जातींची वर्णने देताना विधवाविवाहास मोकळीक आहे किंवा नाही हे बहुधा सांगितले आहे. ज्या जातींत पाट लागे, त्यांत फारकतीचा कागद स्त्रीच्या दृष्टीने निर्णायक होता. तो हाती असला तरच तिला दुसरे घर करता येई. क्रियापदाकडेही पाहावे. त्या व्यवहारात फारकत 'देणे' असे. आज एखादा गट पक्षाशी फारकत 'घेतो'. देणारा नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर हिशेबही.

'घटस्फोटा'चे कूळ याहून कठोर आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतितासाठी सांगितलेला विधी असा : अशुभ दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर आप्तांनी जमावे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा, आणि जिवंत माणूस मेला असे समजून सर्वांनी सुतक पाळावे. त्याच्याशी बोलणे, बसणे, वारशाचा वाटा देणे, सर्व बंद. मोल्सवर्थच्या कोशातही 'घटस्फोट' हा जातिबहिष्काराचा शब्द आहे. त्यात नवराबायको नाहीत.

हा शब्द विवाहाकडे कसा वळला? एक कारण न्यायालयात सापडते. १८७६ च्या 'रेग विरुद्ध संभू रघू' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले की, पतीच्या संमतीवाचून विवाह मोडण्याचा वा स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मानता येणार नाही. पंचांच्या शब्दाचे वजन असे घटल्यावर, जातीजातींच्या बोलीतील फारकत आणि काडीमोड यांच्याहून वेगळा, सर्व हिंदूंना लागू पडेल असा भारदस्त संस्कृत शब्द हवा झाला. मुंबई राज्याने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने हा शब्द घरोघर नेला. मौज अशी की, याच मुंबई राज्याने १९४९ मध्ये जुन्या अर्थाच्या घटस्फोटास, म्हणजे बहिष्कारास, बंदी केली. तो कायदा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, आणि महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा करावा लागला. वस्तू राहिली, तिचे नाव तेवढे दुसरीकडे गेले. आज तिला 'वाळीत टाकणे' म्हणतात.

१९५५ च्या अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा विच्छेद अबाधित ठेवला आहे. पण तशी रूढी त्या जातीत आहे, हे ती सांगणाऱ्यानेच सिद्ध करावयाचे असते. पुष्कळदा ती सांगणारी स्त्री असते. पोटगीच्या वा वारशाच्या दाव्यात तिच्या हातातील फारकतीचा कागद पुरावा म्हणून पुढे येतो, आणि रूढी शाबीत झाली नाही तर पहिला विवाह कायम व दुसरा निरर्थक ठरतो. ज्या कागदाचे नावच 'मोकळीक' असे आहे, तो तिला मोकळे करीत नाही. अशा प्रकरणांत 'फारकत' हा शब्द 'घटस्फोट' असा सरसकट भाषांतरित होतो, तेव्हा लेख कोणी कोणास दिला, पंच कोण होते, देणेघेणे काय ठरले, हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. भाषांतरकाराने मूळ शब्द तसाच ठेवावा आणि त्यापुढे लेखातील अटी द्याव्यात.