आयोग कोणाचे ऐकतो?

आपल्याकडे एखादे प्रकरण गाजू लागले की पहिली मागणी होते ती चौकशी आयोगाची. आयोग नेमला की लोकांचा अर्धा राग शांत होतो आणि अहवाल येईपर्यंत उरलेला विरून जातो, असे म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. पण आयोग नेमतो कोण, त्याला अधिकार किती, त्याच्यावर बंधने कोणती, हे आपण सहसा विचारत नाही. गोव्यातल्या खाणींच्या चौकशीची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

गोव्यातल्या खाणी पोर्तुगीज अमदानीतल्या. त्या सरकारने दिलेल्या खाणसवलतींना मुदतच नव्हती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण या सवलती रद्द करून त्यांचे भारतीय कायद्याखालच्या खाणपट्ट्यांत रूपांतर करायला १९८७ साल उजाडले. पुढे २००० नंतर चीनची पोलादाची भूक वाढली. तोवर कमी प्रतीचे म्हणून बाजूला टाकलेले खनिजही विकले जाऊ लागले. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून ट्रकांच्या रांगा लागल्या. मांडवी आणि जुवारीतून बार्ज भरभरून मुरगावकडे निघाल्या. २०१०-११ या वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले. ट्रकमालकाच्या घरात पैसा आला आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या भातशेतीत लाल गाळ आला. दोघे एकाच गावचे.

देखरेख करणाऱ्या यंत्रणा नव्हत्या असे नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोकडे खाणींच्या आराखड्यांचे काम होते. पणजीत राज्याचे खाण खाते होते. पर्यावरण परवाने दिल्लीहून मिळत. पण खाण एक आणि पहारेकरी तीन असले की प्रत्येकाला वाटते, दुसरा जागा आहे. नेहमीची देखरेख ढिली पडते, तेव्हाच आयोगाची पाळी येते.

२२ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एम. बी. शाह यांचा आयोग नेमला. लोहखनिज आणि मँगनीजच्या बेकायदा खाणकामाची चौकशी हे त्याचे काम. त्यासाठी गोव्याबरोबर इतर राज्येही त्याच्या कक्षेत होती.

असा आयोग उभा राहतो तो १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यावर. केंद्र किंवा राज्य सरकार सार्वजनिक महत्त्वाच्या निश्चित विषयावर, राजपत्रात अधिसूचना काढून आयोग नेमू शकते. संसदेने किंवा राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केला, तर नेमावाच लागतो. साक्षीदाराला बोलावणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे मागवणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला मिळतात. विषय आणि मुदत मात्र सरकार ठरवते. अहवाल सरकारला सादर होतो आणि सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली याच्या निवेदनासह, सभागृहापुढे ठेवावा लागतो.

आयोग शिक्षा मात्र देऊ शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या आयोगाला रामकृष्ण दालमिया यांनी आव्हान दिले होते. त्या खटल्यात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आयोगाची शिफारस म्हणजे निकाल नव्हे. ती अमलात आणायची की नाही, हे सरकारने ठरवायचे.

शाह आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामामुळे झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपये असल्याचा त्याचा अंदाज होता. तपासणी झाली नाही, म्हणून कोणाला भीती उरली नाही, असे त्याचे म्हणणे. तीनच दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पाठोपाठ केंद्राने पर्यावरण परवाने स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एरवी अहवाल कपाटात पडून राहतात. इथे एका अहवालाने अख्खा धंदा ठप्प केला.

पण खरा धडा पुढेच आहे. याच कायद्यात ८-ब आणि ८-क अशी दोन कलमे आहेत. चौकशीत ज्याच्या नावाला बट्टा लागण्याचा संभव आहे, त्याला बाजू मांडण्याची, पुरावा देण्याची, उलटतपासणी घेण्याची आणि वकील देण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे ती सांगतात. खाणमालकांची तक्रार होती की आयोगाने आपल्याला ही संधी दिली नाही. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्यांना अशी संधी मिळाली नाही, त्यांच्यावर केवळ या अहवालाच्या आधारे खटले भरण्याचा आदेश देता येणार नाही.

त्याच निकालात न्यायालयाने स्वतः दोन्ही बाजू ऐकून जे ठरवले, ते मात्र पक्के उभे राहिले. खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, म्हणून त्यानंतरचे खाणकाम बेकायदा ठरले. वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा आली. खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत टाकायचा ठरला. बंदीच्या काळात कामगारांना मूळ वेतन आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम देण्याचाही आदेश झाला.

आपल्या भाषेत दाद हा फारसीतून आलेला शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ न्याय. मुशायऱ्यात शायराला मिळते ती दाद आणि कचेरीत फिर्यादी मागतो तीही दादच. दोन्हीकडे आधी नीट ऐकून घ्यावे लागते. न ऐकता दिलेली वाहवा खोटी असते आणि न ऐकता ठेवलेला ठपका टिकत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ऐकणे ही त्याच्यावरची मेहेरबानी नव्हे. ज्याच्या शेतात गाळ आला, त्याला न्याय मिळण्याचीही तीच वाट आहे. कारण सुनावणीत राहिलेली फट शेवटी आरोपीच्याच कामी येते.

पुढे २०१४-१५ मध्ये गोव्यात ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण झाले आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले. खाणी पुन्हा थांबल्या. लिलावाने खाणी देण्याचा नवा मार्ग गोव्यात २०२२ च्या अखेरीस सुरू झाला. या साऱ्या वर्षांत ज्याच्या ट्रकचे हप्ते थकले तो आणि ज्याची विहीर आटली तो, दोघेही थांबून होते.

म्हणून यापुढे कुठे आयोगाची मागणी झाली, तर आपण दोन प्रश्न अधिक विचारावेत. अहवाल किती दिवसांत सभागृहापुढे येणार? आणि ज्यांच्याविषयी तो बोलणार, त्यांचे तो आधी ऐकणार का?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)