कितारोची पडद्यावरची वाट आणि आपला चित्रकथी

मंडळी, जपानी कार्टून म्हटलं की जालन्यातल्या पोरांना डोरेमॉन आठवतो. आम्ही मात्र आज दुसऱ्याच एकाची गोष्ट घेतली आहे. जपानमध्ये साकाइमिनातो नावाचं बंदराचं गाव आहे. तिथे २००३ साली मिझुकी शिगेरू या चित्रकाराचं संग्रहालय उघडलं. त्यांचा कितारो, म्हणजे भुतांच्या कुळातला एक पोरगा, १९६८ साली टीव्हीवर आला आणि २०१८ साली त्याची सहावी मालिका सुरू झाली. पन्नास वर्षं एकच पोरगा!

पण कितारो टीव्हीवर जन्मला नाही. १९३०च्या दशकात तो 'कामिशिबाई'त होता. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. सायकलवर लाकडी पेटी बांधून माणूस गल्लीत यायचा, लाकडी टिपऱ्या वाजवायचा, पोरांना गोळ्या विकायचा आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. पुढे पुढे मजकूर चित्रांच्या पाठीवर लिहायची पद्धत पडली. १९५३ साली टीव्ही आला, तर लोक त्यालाच 'विजेवरची कामिशिबाई' म्हणू लागले. धंदा बसला, पण मिझुकींसारखे चित्रकार भाड्याने मिळणाऱ्या चित्रपुस्तकांकडे वळले, तिथून मासिकांत, आणि त्यांची कथा मग पडद्यावर. पायरीला पायरी लागून होती.

आता आपल्याकडे बघा. चित्र दाखवून कथा सांगणारा चित्रकथी आपल्याकडे बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'लाही ठाऊक आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ही चित्रं आहेत. 'पैठण शैली' हे त्यांचं नाव आपल्या शेजारच्या पैठणावरून पडलं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि अशा चित्रांची एक पोथी. म्हणजे पाठीवर मजकुराला जागाच नाही, तिथेही चित्रच! शब्द सगळे सांगणाऱ्याच्या तोंडात. काचेआड चित्र टिकतं. तोंडातलं कसं टिकणार?

याला नुसता सिनेमा जबाबदार आहे, असं आम्हांला वाटत नाही. फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला. रामकथा पडद्यावर गेली, चित्रकथी गेला नाही. फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. चित्रकथी राजाश्रयावर आणि जातीच्या कामावर बांधलेला. आश्रय सुटला तेव्हा त्याच्यापुढे पायरीच नव्हती. आज आपल्या राज्यात 'चित्रकथी' हा शब्द भटक्या जमातींच्या यादीत आहे; दाखला काढायला गेलं की भेटतो.

वाट अगदीच बुजली असंही नाही हं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला राखली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी तिथे गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे चित्रं नुसती टांगलेली नाहीत. वीणा, टाळ, हुडुक घेऊन कथा सांगणारी माणसं अजून त्या घरात आहेत.