चाड सरोवराच्या काठची तांबडी मिरची

नायजेरियाच्या बोर्नो राज्यात 2009 साली उफाळलेल्या बोको हरामच्या बंडखोरीची झळ नायजर, चाड आणि कॅमेरून या शेजारी देशांना बसली, तेव्हा चाड सरोवराच्या खोऱ्यातील, वसाहतकालीन सीमारेषांहून जुनी असलेली बाजारपेठांची साखळीही तुटली. नायजरच्या दिफा भागात, कोमादुगू योबे या सीमेवरच्या नदीच्या पाण्यावर पिकणारी मिरची उन्हात वाळवून पोत्यांत भरली जाई आणि मुख्यतः नायजेरियात विकली जाई; तिच्या मोलामुळेच तिला ‘तांबडे सोने’ असे नाव पडले होते. फेब्रुवारी 2015 मध्ये दिफावर हल्ले झाल्यानंतर तेथे आणीबाणी, म्हणजे नागरी हक्क मर्यादित करून प्रशासनाला विशेष अधिकार देणारी व्यवस्था, लागू झाली. बंडखोरांच्या हालचाली आणि त्यांना मिळणारा पैसा रोखण्यासाठी मोटारसायकलींवर, तसेच मिरची व धुरी देऊन सुकवलेल्या माशांच्या व्यापारावर निर्बंध आले. हेतू संरक्षणाचा असला, तरी त्या निर्बंधांनी शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या चुली थंडावल्या, आणि हाताला काम न उरलेल्या तरुणांना बंडखोरांच्या आमिषापासून दूर ठेवणे अधिकच अवघड झाले. ज्या सुरक्षिततेत मिरचीचे पोते बाजारापर्यंत पोहोचत नाही, ती सुरक्षितता अपुरीच राहते, हे दिफाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.