न दिसणाऱ्या तोफेचा वेध : जनरल मॅकनॉटन

'गोलंदाज' हा शब्द उच्चारला की आज आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटचे मैदान उभे राहते. पण हा शब्द मैदानावर आला तो रणांगणावरून. तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. गंमत अशी की, या शब्दातला 'अंदाज' मूळचा फेकण्याचा असला, तरी मराठीत त्याच अंदाजाचा अर्थ अटकळ, अजमास असा रूढ आहे. गोळा फेकणे आणि अजमास बांधणे या दोन क्रिया गोलंदाजाच्या धंद्यात पहिल्यापासून एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांतली फेकण्याची क्रिया सोपी. अवघड असते ती अजमासाची. ज्या एका सेनापतीने या अजमासाचे शास्त्र करण्यात आपले तारुण्य वेचले, त्याच्या चरित्राचा विचार आपण येथे करणार आहोत. हे सेनापती म्हणजे कॅनडाचे जनरल अँड्र्यू मॅकनॉटन. आपल्या देशाच्या एका दुखऱ्या प्रश्नाशीही त्यांचा संबंध आला होता. तो विषय ओघाने पुढे येईलच.

प्रथम अडचण काय होती ते समजून घेऊ. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा धडाडल्या त्या समोर दिसणाऱ्या शत्रूवर. त्या काळी तोफ आणि तिचे लक्ष्य ही बहुधा एकाच मैदानात, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असत. पहिल्या महायुद्धापर्यंत मात्र तोफेचा पल्ला कित्येक मैलांवर गेला आणि तोफा टेकड्यांच्या आड, झाडीत, खड्ड्यांत दडू लागल्या. खंदकातल्या शिपायाला मारणारा गोळा कोठून आला हे ना त्याला कळे, ना त्याच्या सेनापतीला. 1 जुलै 1916 रोजी सोम नदीकाठी ब्रिटिश फौज चालून गेली, तेव्हा त्याआधी आठवडाभर तोफांचा भडिमार चालू होता. तरीही त्या एका दिवसात 57,470 माणसे हताहत झाली. त्यांतली 19,240 मेली. भडिमार कमी पडला असे नव्हे. तो जेथे पडायला हवा होता तेथे पुरेसा पडला नाही. शत्रूच्या मशीनगना आणि तोफा पुष्कळशा शाबूत राहिल्या होत्या. दारूगोळ्याचा दुष्काळ नव्हता, दुष्काळ होता तो माहितीचा.

मॅकनॉटन यांचा जन्म 1887 सालचा, कॅनडातील मूसोमिन या लहानशा गावचा. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, 1912 मध्ये उच्च पदवी मिळविली. तोफखान्यातली नोकरी ही हौशी सैनिकाची होती. पेशाने ते अभियंते. 1914 मध्ये युद्ध पेटले तेव्हा ते एका बॅटरीचे प्रमुख म्हणून युरोपात गेले. एप्रिल 1915 मध्ये ईप्र येथे ते जखमी झाले. जर्मनांनी विषारी वायू सोडला ती हीच लढाई; आणि कॅनडियनांच्या मागोमाग याच आघाडीवर आपली लाहोर डिव्हिजनही लोटली गेली होती.

1917 च्या प्रारंभी मॅकनॉटन यांच्याकडे एक नवेच काम आले. कॅनडियन कोअरच्या समोर शत्रूच्या ज्या तोफा होत्या, त्या हुडकून निकामी करण्याचे. नाव लष्करी असले तरी काम बरेचसे प्रयोगशाळेतले होते. तोफ धडाडली की तिचा आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर या वेगाने चोहीकडे पसरतो. समजा, आपण दोन ठिकाणी कान लावून बसलो आणि पहिल्या ठाण्यावर आवाज दुसऱ्यापेक्षा एक सेकंद आधी आला. तर तोफ पहिल्या ठाण्याला 340 मीटर अधिक जवळ आहे एवढे निश्चित झाले. अशी पाच-सहा ठाणी ओळीने मांडली, सेकंदाच्या शतांशापर्यंत वेळ फिल्मवर उमटविली, की नकाशावर रेषा काढून तोफेची जागा दाखविता येते. वाचायला हे शाळेतल्या भूमितीइतके सोपे वाटते. पण तोफेबरोबर गोळ्याचाही कडकडाट असतो, आणि आवाजापेक्षा वेगाने धावणाऱ्या गोळ्याचा तो तीक्ष्ण कडकडाट खऱ्या धमाक्याच्या आधीच येऊन पोहोचतो. साधे ध्वनिग्राहक या कडकडाटानेच भांबावून जात.

ही गाठ सोडविली विल्यम लॉरेन्स ब्रॅग आणि विल्यम टकर यांनी. ब्रॅग हे 1915 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, वडिलांसमवेत नोबेल पारितोषिक मिळविलेले पदार्थवैज्ञानिक. ते ज्या घरात उतरले होते, त्याच्या शौचकूपात बसले असता दूरची तोफ उडाली की आवाज कानाला जेमतेम ऐकू येई, पण खालून हवेचा धक्का मात्र स्पष्ट जाणवे. टकर यांना झोपडीच्या भिंतीतल्या भोकांतून अशीच गार झुळूक लागली. दोघांनी ओळखले की, तोफेचा खरा धमाका हा ऐकण्यापेक्षा हवेच्या मंद लाटेत अधिक असतो. टकर यांनी तापवलेली बारीक तार एका पेटीच्या भोकात बसविली. हवेची लाट आली की तार थंड होई, तिच्यातील विजेचा प्रवाह बदले. गोळ्याच्या कडकडाटाकडे ती ढुंकूनही पाहत नसे. 1916 मध्ये हे साधन सिद्ध झाले. महायुद्धाचा एवढा अवाढव्य पसारा, आणि त्याला दिशा दिली एका तारेने!

मॅकनॉटन यांचा मोठेपणा या साधनाच्या शोधात नाही. तो त्याच्या उपयोगात आहे. जुन्या वळणाचे अधिकारी शास्त्रज्ञांकडे काहीशा थट्टेने पाहत. मॅकनॉटन यांनी त्यांना आपल्या शेजारी बसविले. ध्वनिवेध ही एक बाजू. दुसरी, रात्री तोफेच्या तोंडाशी होणारी चमक दोन-तीन ठाण्यांवरून टिपण्याची. तिसरी, विमानातून काढलेल्या छायाचित्रांची. चौथी, पकडलेल्या कैद्यांच्या जबान्यांची. वारा सुटला की ध्वनी फसवी, धुके पडले की चमक दिसेना, छायाचित्रात खोट्या तोफा खऱ्या भासत, आणि कैदी तर कैदीच! म्हणून कोणत्याही एका साक्षीदारावर विसंबायचे नाही, सर्वांच्या साक्षी एका टेबलावर मांडून ताडून पाहायच्या, हा नियम. आपल्या तोफांचीही हीच कसून तपासणी होई. प्रत्येक नळी किती झिजली, गोळा किती वेगाने सुटतो, आजचा वारा आणि हवेचा दाब काय, हे सर्व हिशेबात घेऊन नेम धरायचा.

9 एप्रिल 1917 रोजी पहाटे साडेपाच वाजता व्हिमीच्या टेकडीवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र चालून गेल्या. त्याच टेकडीसाठी पूर्वी हजारो फ्रेंच सैनिक खर्ची पडले होते. समोरच्या सुमारे 212 जर्मन तोफांपैकी शेकडा 83 तोफांच्या जागा हल्ल्यापूर्वी नकाशावर उमटल्या होत्या. चार दिवसांत टेकडी हाती आली. तरीही 3,598 कॅनडियन मेले आणि सात हजार जखमी झाले. विज्ञानाने युद्ध स्वस्त केले असे म्हणण्याचे धाडस या आकड्यापुढे कोणी करू नये. एवढेच म्हणता येईल की, माहिती नसती तर किंमत याहून भयंकर पडली असती.

युद्धाच्या अखेरीस, 1 नोव्हेंबर 1918 रोजी, व्हॅलेन्सिएन्नच्या लढाईत मॅकनॉटन कोअरच्या जड तोफखान्याचे प्रमुख होते. त्यांनी एका दिवसात सुमारे 2,100 टन दारूगोळा टाकला. संबंध बोअर युद्धात दोन्ही पक्षांनी मिळून उडविला त्याच्या जवळपास तीनचतुर्थांश. कॅनडियन मेले सुमारे 80. जर्मन मेले आठशेहून अधिक. आपल्या माणसांचे रक्त सांडण्यापेक्षा आपले पोलाद सांडावे, ही ती नीती. ती ज्याच्या बाजूने वापरली जाते त्याला दयाळू वाटते. नळीच्या दुसऱ्या टोकाशी उभा असणाऱ्याला ती तशी वाटण्याचे कारण नाही.

शांततेच्या काळात मॅकनॉटन यांचे मन पुन्हा विजेकडे वळले. ऐकून वेध घेता येतो, मग बिनतारी लहरींवरून का घेता येऊ नये? 1926 साली त्यांनी कर्नल स्टील यांच्या साहाय्याने एक यंत्र सिद्ध केले. काटकोनात उभ्या केलेल्या दोन वेटोळ्यांत येणारी लहर पकडायची, आणि तिच्या जोरावर काचेच्या नळीतील विद्युतकिरण वाकवायचा. पडद्यावर उमटणारी तेजस्वी रेषाच लहरीची दिशा दाखवी. इंग्लंडात वॉटसन-वॉट हेही त्याच सुमारास, विजांच्या गडगडाटी वादळांचा माग काढताना, याच मार्गावर होते. हे यंत्र रडार नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. ते फक्त ऐकते. रडार स्वतः हाक मारते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. हाक परत यायला सेकंदाचा दशलक्षांश भाग लागला, तर वस्तू 150 मीटरवर आहे असे समजायचे. पण लहर पडद्यावर 'पाहण्याची' युक्ती दोहोंना समान आहे. या यंत्रावरील आपला हक्क मॅकनॉटन यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाला एका डॉलरला देऊन टाकला. 1935 मध्ये ते त्याच मंडळाचे अध्यक्ष झाले. 1939 च्या आरंभी ब्रिटनने रडारचे गुपित आपल्या स्वायत्त अधिराज्यांना सांगितले, तेव्हा कॅनडात ते समजून घेणारी माणसे तयार होती. याच मंडळाने पुढे विमानविरोधी तोफांना नेम देणारे रडार तयार केले. तशी सहाशेहून अधिक यंत्रे कॅनडात बनली. तेव्हा मॅकनॉटन लष्करात परतलेले होते, म्हणून ते श्रेय त्यांच्या सहकाऱ्यांचे.

येथवरची कथा यशाची आहे. पुढची तशी नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती टाळू नये. 19 ऑगस्ट 1942 रोजी दिएप बंदरावर सुमारे पाच हजार कॅनडियन सैनिक उतरविण्यात आले. बेत आखला होता माउंटबॅटन यांच्या खात्याने. तेच माउंटबॅटन, जे पुढे आपले शेवटचे व्हॉइसरॉय झाले. कॅनडियन सेनेचे प्रमुख मॅकनॉटन यांची त्याला संमती होती. जड विमानहल्ला बेतातून वगळला गेला. मोठी युद्धनौका मिळाली नाही. किनाऱ्याच्या दोन्ही अंगांच्या कड्यांत, गुहांमध्ये तोफा दडविलेल्या होत्या; वरून काढलेल्या छायाचित्रांत त्या दिसल्या नव्हत्या. 907 कॅनडियन मेले, एकोणीसशेवर कैद झाले. 'आधी तोफ हुडका, मग माणूस पाठवा' हा ज्यांनी घालून दिलेला धडा, त्यांच्याच सैन्याला न हुडकलेल्या तोफांसमोर उतरावे लागले! त्या दिवशी ज्ञान अपुरे होते हे खरे. पण ते अपुरे आहे ही जाणीवही पुरेशी झाली नाही, हे अधिक खरे.

डिसेंबर 1943 मध्ये मॅकनॉटन यांना सेनापतिपद सोडावे लागले. सैन्य फोडून इटलीत पाठविण्यावरून त्यांचे वरिष्ठांशी पटले नाही आणि रणांगणावरील नेतृत्वाविषयी शंका घेतल्या गेल्या. नोव्हेंबर 1944 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले ते सक्तीशिवाय, स्वेच्छेने सैनिक मिळतील या भरवशावर. तीन आठवड्यांत तो अजमास कोसळला आणि सक्तीने भरती झालेल्यांना समुद्रापार धाडण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी 1945 मध्ये मतदारांनीही त्यांना नाकारले. माणसांच्या मनाला तापवलेली तार बसविता येत नाही.

आता आपल्याकडचा संबंध. डिसेंबर 1949 मध्ये सुरक्षा समितीचे अध्यक्षपद कॅनडाकडे, म्हणजे मॅकनॉटन यांच्याकडे होते. काश्मीरप्रश्नी भारत आणि पाकिस्तान यांच्याशी बोलून तोड काढण्याचे काम समितीने त्यांच्यावर सोपविले. 22 डिसेंबर रोजी त्यांनी प्रस्ताव मांडला. दोन्ही बाजूंनी टप्प्याटप्प्याने फौजा काढाव्या, आझाद काश्मीरच्या फौजा आणि संस्थानी फौजा विसर्जित कराव्या, मग लोकमत घ्यावे. अभियंत्याच्या दृष्टीने ही मांडणी चोख होती. दोन्ही पारड्यांतले वजन सारखे उतरवत न्यायचे. पाकिस्तानने ती किरकोळ दुरुस्त्यांसह मानली. भारताच्या ज्या दुरुस्त्या होत्या, त्या मूळ मांडणीलाच हात घालणाऱ्या होत्या. भारताने 1 जानेवारी 1948 रोजी समितीपुढे नेलेली तक्रार आक्रमणाची होती. तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, या दोघांना एकाच मापाने मोजणे हाच येथे अन्याय वाटत होता. फेब्रुवारी 1950 मध्ये मॅकनॉटन यांनी आपला अहवाल दिला. तोड निघाली नव्हती. त्यांच्या हेतूवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. 'तोफ कोठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळते. 'प्रथम चाल कोणी केली, आणि न्याय कोणाच्या बाजूचा?' या प्रश्नाचे उत्तर तसे मिळत नाही. त्यांच्यासमोर हा दुसरा प्रश्न होता आणि हाती साधन पहिल्याचे.

मॅकनॉटन 11 जुलै 1966 रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी निवर्तले. त्यांचे शास्त्र मात्र पुढे चालत राहिले. उडत्या गोळ्याचा मार्ग रडारने टिपून तो जेथून सुटला ती जागा काही क्षणांत काढता येते. 1999 च्या कारगिल युद्धात दूरच्या तोफा हुडकणाऱ्या अशा रडारची उणीव आपल्या सैन्याला रक्त सांडून जाणवली. त्यानंतर 'स्वाती' नावाचे असे रडार भारतातच तयार झाले. ज्या राष्ट्राला आपल्या जवानाची किंमत कळते, ते प्रयोगशाळेवर खर्च करायला कचरत नाही, हा मॅकनॉटन यांचा पहिला धडा. दुसरा धडा त्यांच्या यशातून नव्हे, अपयशातून घ्यावा लागतो. यंत्र आपल्याला शत्रू कोठे आहे ते सांगेल. त्याच्यावर गोळा टाकावा की नाही, आणि टाकल्यावर तंटा मिटेल की नाही, हे ते सांगणार नाही. तो अंदाज ज्याचा त्याने, डोके शाबूत ठेवून, बांधायचा असतो. व्हिमीच्या टेकडीवर आणि दिएपच्या वाळूत जी माणसे पडली, त्यांच्या वतीने एवढे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.