स्वमग्न मुलांची वाचा आणि तिचे श्रोते

संभाषण हा निदान दोघांचा व्यवहार होय. बोलणारा आणि ऐकणारा ह्यांपैकी एकालाही दुसऱ्याच्या बोलण्याचा संदर्भ सापडला नाही, म्हणजे तो व्यवहार फसतो. असे असताना स्वमग्न मुलांच्या संभाषणातील अडचणींची कारणे पुष्कळ वर्षे त्या मुलांच्याच ठिकाणी शोधली गेली. शोधणाऱ्यांमध्ये थोर अभ्यासक होते आणि त्यांनी नोंदलेली उदाहरणे आजही मोलाची आहेत. परंतु त्या उदाहरणांचा अर्थ लावण्याची रीत गेल्या ऐंशी वर्षांत पुष्कळच पालटली. हा पालट कसा घडला, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकासही उद्बोधक ठरेल.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट आहे. 'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' ह्या अर्थाच्या 'ऑटोस' ह्या ग्रीक शब्दावरून घडविलेला आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या स्किझोफ्रेनियावरील ग्रंथात, बाह्य जगाशी संबंध तोडून अंतर्विश्वात राहण्याच्या लक्षणाला हे नाव योजिले होते. मराठीत रूढ झालेला 'स्वमग्नता' हा शब्द त्याच्याही एक पाऊल पुढे जातो. 'ध्यानमग्न', 'विचारमग्न' ह्या शब्दांप्रमाणे त्यातही दुसऱ्या कशाचे भान नसल्याची सूचना आहे. तात्पर्य, परीक्षणास आरंभ होण्यापूर्वीच निकाल नावात सांगितला गेला.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. तीन मुले बोलत नव्हती. बोलणाऱ्या आठांपैकी एकाच्याही भाषेचा उपयोग इतरांस अर्थ कळविण्यासाठी झाला नाही, असे मत कॅनर ह्यांनी दिले. परंतु त्यांचीच एक नोंद ह्या मताशी जुळत नाही. डोनाल्ड नावाच्या मुलास, 'हो' म्हटल्यास खांद्यावर घेईन, असे सांगून वडिलांनी तो शब्द शिकविला. पुढे त्या मुलाच्या बोलीत 'हो' ह्या शब्दाचा अर्थ 'मला खांद्यावर घ्या' एवढाच राहिला. हा अर्थ जगाने ठरविलेला नव्हता हे खरे; पण तो अर्थच नव्हता, असे कसे म्हणता येईल?

कॅनर ह्यांच्याही हे ध्यानात आले असावे. १९४६ साली त्यांनी ह्या मुलांच्या वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यातील पॉल ह्या मुलाचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. हातातील वस्तू फेकण्याचा मोह झाला की, कुत्र्याला सज्जातून खाली टाकू नकोस, असे तो स्वतःशी म्हणे. आसपास कुत्रा नसे, सज्जाही नसे. शोध घेता कळले ते असे : तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका हॉटेलात असताना तो आपला खेळण्यातला कुत्रा वारंवार सज्जातून खाली टाकीत असे, आणि आईने त्याला ह्याच शब्दांत बजावले होते. पुढे हे वाक्य त्याच्यापुरते कोणतीही वस्तू न फेकण्याचा नियम बनले. कॅनर ह्यांनी अशा बोलण्याची तुलना काव्यातील रूपकाशी केली. एकाच प्रसंगातील वचन सर्व सदृश प्रसंगांना लागू करणे, ही अर्थविस्ताराची प्रक्रिया भाषेच्या इतिहासात नित्य आढळते. फरक इतकाच की, येथे मूळ प्रसंग केवळ दोघांस ठाऊक होता, एक त्या मुलाला आणि दुसरा त्याच्या आईला.

सर्वनामांची गोष्टही अशीच आहे. ही मुले स्वतःस 'तू' आणि समोरच्यास 'मी' म्हणतात, असे कॅनर ह्यांनी नोंदविले आणि त्याचे कारण ऐकलेल्या वाक्याच्या जशाच्या तशा पुनरुच्चारात दाखविले. मराठीत बोलायचे तर, आईने 'तुला दूध हवे का?' असे विचारले असता मूलही 'तुला दूध हवे का?' असेच म्हणते, आणि त्याचा आशय 'मला दूध हवे' असा असतो. 'मी' आणि 'तू' हे शब्द बोलणारा बदलताच आपला निर्देश बदलतात; म्हणून ओटो येस्पर्सन ह्यांनी १९२२ साली अशा शब्दांचा 'शिफ्टर' असा स्वतंत्र वर्ग मानला. ते अवघड असल्याची जाणीव सर्वच वडीलधाऱ्यांना असते. 'बाळ दूध पिणार ना?' असे आपल्याकडे तान्ह्या मुलास विचारतात, तेव्हा सर्वनाम टाळलेलेच असते.

ही साधी उपपत्ती उपलब्ध असतानाही ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ सालच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' ह्या ग्रंथात सर्वनामांच्या ह्या वापरात स्वत्वाचा नकार पाहिला आणि त्याचे मूळ आईबापांच्या वागणुकीत शोधले. कॅनर ह्यांनी १९४३ साली ही अवस्था जन्मजात मानली होती. परंतु १९४९ साली त्यांनीही पालकांच्या भावशून्यतेस शीतकपाटाची उपमा दिली होती. पॉलच्या वाक्याचा उलगडा आईच्या आठवणीशिवाय झाला नसता. त्याच वर्गातील आयांवर पुढे मायेच्या अभावाचा आरोप आला आणि कित्येकींना तो वर्षानुवर्षे सोसावा लागला. बर्नार्ड रिमलंड ह्यांनी १९६४ साली ह्या मताचे सविस्तर खंडन केले. १९६९ साली कॅनर ह्यांनीही पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त ठरविले. १९७७ साली सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर ह्यांनी एकवीस जुळ्यांच्या जोड्या अभ्यासल्या. त्यांतील अकरा एकबीज जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, तर दहा द्विबीज जोड्यांत अशी एकही नव्हती. आनुवंशिकतेचा भाग ह्यावरून स्पष्ट झाला.

आईवरील दोष गेला. मुलाच्या बोलण्यावरील आक्षेप मात्र राहिला. पुनरुच्चार ही निरर्थक खोड समजून ती मोडण्याचे प्रयत्न होत असत. १९८१ साली बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन ह्यांनी चार मुलांच्या १००९ उच्चारांचे परीक्षण केले. केवळ शब्द न पाहता त्यांनी दृष्टी, शरीराची दिशा व स्वराचा चढउतार हेही विचारात घेतले, आणि तत्काळ केलेल्या पुनरुच्चाराची सात निरनिराळी कार्ये दाखविली. संभाषणातील आपली पाळी राखणे, होकार देणे, मागणी करणे ही त्यांपैकी काही होत.

तथापि संशोधनाचा मुख्य प्रवाह उणीव मोजण्याकडेच राहिला. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली व उटा फ्रिथ ह्यांनी १९८५ साली बाहुल्यांच्या साह्याने एक प्रयोग केला. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते, हे ओळखण्याची ती परीक्षा होती. वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा तीत अनुत्तीर्ण झाली. प्रयोग महत्त्वाचा होता; पण स्वमग्न व्यक्तीचे मन इतरांस कितपत ओळखता येते, ही उलट परीक्षा त्यात नव्हती. हा प्रश्न २०१२ साली डेमियन मिल्टन ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने ठळकपणे मांडला. परस्परांचे मन न कळणे हे दुहेरी असते, असा त्यांचा सिद्धांत आहे. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाने दुसऱ्यास गोष्ट सांगत जाण्याचा प्रयोग केला. स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत ती अधिक झिजली. २०२५ सालच्या अधिक मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीतील ही झीज आढळली नाही. तेव्हा त्या भागाविषयी घाईने निर्णय करणे योग्य नव्हे. परंतु स्वमग्न माणसे आपसांत माहिती पोचविण्यात उणी पडतात, असे ह्या दोहोंपैकी एकाही प्रयोगात दिसले नाही.

ह्यावरून अडचणी काल्पनिक ठरत नाहीत. कित्येक स्वमग्न व्यक्ती आयुष्यभर फार थोडे बोलतात वा मुळीच बोलत नाहीत, आणि त्यांना साह्याची गरज असते. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला, तो ह्याच गरजेपोटी. परंतु साह्य करणाऱ्याने प्रथम श्रोता व्हावे लागते. 'स्वमग्न' हा शब्द आता रूढ झाला आहे व तो सहजी सुटणार नाही. त्याच्या व्युत्पत्तीला मात्र निदान समजण्याचे कारण नाही. मूल असंबद्ध बोलले असे वाटेल तेव्हा, हे वाक्य त्याने प्रथम कोठे व कोणाकडून ऐकले, एवढे विचारण्याचा कंटाळा करू नये. पॉलच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर घरातच होते.